रात्रीच्या राऊंडला सुपरवायझर गार्डसोबत चालला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या आवारात काही वेडंवाकडं घडलं की पहिली मागणी होते ती कॅमेरे वाढवा, गार्ड वाढवा. या गार्डांवर रात्री लक्ष कोण ठेवतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी फौजेत 24 वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि नंतर सहा वर्षं साताऱ्याजवळच्या एका शैक्षणिक संकुलात सिक्युरिटी सुपरवायझर होतो. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे दोन्ही पाळ्यांचे मिळून 22 गार्ड होते. रात्री नऊजण, तेही सहा वेगवेगळ्या इमारतींवर. सुपरवायझर मी एकटाच. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखाली 2006 साली केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून आदर्श नियम काढले. त्यांत 15 गार्डांमागे किमान एक सुपरवायझर सांगितला आहे, आणि गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील तर दर सहा गार्डांमागे एक. मला हे नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी कळलं, आणि तेही मी स्वतः शोधलं म्हणून.

दुसऱ्या वर्षीची जुलैमधली एक रात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. सातारचा पाऊस आपणास माहीत आहेच. बॅटरीचा उजेड चार पावलांपुढे जात नव्हता. मी न सांगता मेन गेटवर गेलो. घड्याळात पावणेतीन झाले होते, आणि रजिस्टरात चारचा राऊंडसुद्धा ‘सर्व ठीक’ असं लिहून, सही ठोकून तयार! एक, दोन, तीन, चार, सगळ्या नोंदी एका बैठकीतल्या. तिथून मुलींच्या वसतिगृहामागच्या पॉइंटवर गेलो. पंपहाऊसच्या वळचणीला माण तालुक्यातला एक पोरगा गुडघ्यांत डोकं घालून झोपला होता. पायांत बूट नव्हते. मोजे पिळून काठीवर वाळत घातले होते.

फौजेत पहाऱ्यावर झोपणाऱ्याला माफी नसते. मी ओरडणारच होतो. तो दचकून उठला आणि सॅल्यूट मारताना भिंतीला धडकला. विचारल्यावर कळलं, सकाळी आठपासून तो एजन्सीच्या दुसऱ्या साइटवर उभा होता. आमच्याकडचा रात्रपाळीचा गार्ड आला नाही, म्हणून तिथली ड्यूटी संपल्यावर त्याला थेट इकडे पाठवलं होतं. “जेवलास का?” म्हटलं, तर म्हणाला, “सकाळचा डबा खाल्ला, साहेब.” मी त्याला केबिनमधल्या बाकावर झोपवला आणि पहाटेपर्यंत त्याच्या पॉइंटवर स्वतः उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी एजन्सीला लेखी रिपोर्ट दिला. डबल ड्यूटी बंद व्हावी, हा माझा हेतू. झालं उलटंच. डबल ड्यूटी चालूच राहिली आणि ‘ड्यूटीवर झोपला’ म्हणून त्या पोराचे पैसे कापले. महिनाभरात तो काम सोडून गेला. माझ्या कागदामुळे त्याचे पैसे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. गार्ड झोपला हे वरवरचं झालं, त्याला झोप येईल अशी ड्यूटी लावणारा कुणी तरी होता. पण त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

त्यानंतर मी केबिनमध्ये बसून सह्या तपासणं सोडलं आणि रोज रात्री एकेका गार्डबरोबर पूर्ण राऊंड चालायला लागलो. माणूस बरोबर चालला की ज्या गोष्टी दिसतात त्या रजिस्टरात येत नाहीत. ग्रंथालयामागचा दिवा तीन आठवडे बंद होता. मागच्या गेटची साखळी इतकी सैल होती की बाहेरून हात घालून कडी निघायची. मेसकडून वसतिगृहाकडे येणाऱ्या मुली पक्का रस्ता सोडून झाडीतल्या पायवाटेने का येतात? तर पक्क्या रस्त्यावर कुत्री बसायची. गेटवरच्या महिला गार्डला बारा तासांत स्वच्छतागृहाची सोय नव्हती, म्हणून ती पाणीच पीत नव्हती. हे तिनेही चौथ्या राऊंडला सांगितलं, तोवर तिचा माझ्यावर विश्वास नव्हता.

शिकवणंही चालता चालताच होतं. अनोळखी माणूस आत सापडला तर काय करायचं, हे आमच्या बहुतेक पोरांना माहीत नव्हतं. एक म्हणाला, “दोन काठ्या द्यायच्या.” काठी मारायची नाही, आधी 112 ला फोन लावायचा आणि वेळ लिहायची, हे घोकून घ्यावं लागलं. डोळ्यांदेखत अजामीनपात्र, दखलपात्र गुन्हा झाला तर सामान्य नागरिकही गुन्हेगाराला धरू शकतो, पण जुन्या सीआरपीसीच्या जागी 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे त्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. वर सांगितलेल्या आदर्श नियमांत गार्डसाठी 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे. माझ्या गार्डांपैकी किती जणांना ते मिळालं होतं, हे मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी फक्त गणवेशाचं माप दिल्याचं सांगितलं.

माझी भाची अमेरिकेत शिकते. तिथे अनेक विद्यापीठांचं स्वतःचं पोलीस खातं असतं, आणि पाळीवरचा सार्जंट गस्तीवरच्या शिपायांवर देखरेख ठेवतो. आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मला कळतं. पण तिने सांगितलेली एक गोष्ट मनाला लागली. तिथल्या क्लेरी कायद्यानुसार विद्यापीठाच्या पोलिसांना रोजच्या गुन्ह्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि गेल्या 60 दिवसांची वही कुणीही मागून पाहू शकतो. 1986 मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहात खून झाला, तिच्या आईवडिलांनी लढून 1990 मध्ये हा कायदा करवून घेतला. आमचं रजिस्टर कपाटात असायचं आणि किल्ली एजन्सीकडे.

म्हणून सातारा-सांगली भागातल्या संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे. टेंडर काढताना फक्त सर्वात कमी दर पाहू नका. रात्रपाळीला किती सुपरवायझर, हे करारात लिहून घ्या. एका गार्डला दोन साइट दिल्या तर दंड एजन्सीला लावा, गार्डला नको. प्राचार्यांनी महिन्यातून एकदा तरी मध्यरात्री न कळवता फेरी मारावी. आणि पालकांनो, मुलीचा प्रवेश घेताना फी विचारता तसं रात्रीच्या सुपरवायझरचा मोबाइल नंबरही विचारा. तो वसतिगृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.

आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांना तोटा नाही. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडे आहेत. सुपरवायझर नेमताना माजी सैनिक आणि पोलिसांना प्राधान्य द्या, असं कायदाच म्हणतो. कुठल्याही महाविद्यालयाला हवं असेल तर त्यांच्या गार्डांबरोबर आठवडाभर रात्रीचे राऊंड चालून शिकवायला मी येईन. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला विश्वासू,
एक माजी सैनिक, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती)