ऑलिंपिक भवनाच्या तळमजल्याबद्दल

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. कधी शालेय स्पर्धेसाठी, कधी संघटनेच्या निवड चाचणीसाठी मुलं घेऊन मी म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात किती वेळा आलो, याचा हिशोब आता राहिलेला नाही. त्याच संकुलात महाराष्ट्र ऑलिंपिक भवन उभं राहतंय. राज्याच्या ऑलिंपिक संघटनेला स्वतःची वास्तू मिळणार आणि वेगवेगळ्या खेळांच्या संघटना एका छताखाली येणार, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. त्या आनंदाचं कारण आधी सांगतो, कारण माझी विनंती त्यातूनच निघते.

आमच्याकडच्या मुलांना खेळ कळतो, मैदान कळतं, पण संघटना कुठे असते हे कळत नाही. संघटना म्हणजे एक लेटरहेड. त्यावरचा पत्ता बहुतेक वेळा सचिवांच्या घराचा असतो, नाहीतर दुकानाचा. सचिव बदलले की पत्ता बदलतो आणि कागदपत्रं जुन्या सचिवांच्या कपाटात राहतात. यात त्या माणसांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. कित्येकांनी पदरचे पैसे घालून, घरातली एक खोली रिकामी करून वर्षानुवर्षं खेळ जगवलाय. पण त्याची किंमत मुलांनी मोजली आहे.

माझा एक विद्यार्थी राज्य स्पर्धेत पदक मिळवून आला होता. पोलीस भरतीच्या वेळी त्याला खेळाडूंच्या आरक्षणातून अर्ज करायचा होता. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव झाल्या, आणि दुष्काळी तालुक्यातल्या पोरासाठी त्या पाच टक्क्यांचा अर्थ काय असतो हे आपणांस ठाऊक आहे. प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी त्या स्पर्धेचा निकाल आणि सहभागी संघांची यादी संघटनेकडून हवी होती. तो लेटरहेडवरच्या पत्त्यावर पुण्यात गेला. तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. नवे सचिव दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांच्याकडे गेला, तर त्या वर्षाचं दप्तर जुन्या सचिवांकडे, आणि निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला बापाने उसने पैसे आणले. कागद मिळेपर्यंत मुदत उलटून गेली होती. आज तो दहिवडी ते फलटण टेम्पो चालवतो. भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.

ज्या काळात त्याला खरं पदक सिद्ध करता आलं नाही, त्याच काळात राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला येत होती. दप्तर कुणाच्या तरी घरी पडून असलं की दोन्ही गोष्टी होतात. खरा खेळाडू अडतो आणि खोटा सुटतो.

म्हणून भवनाच्या तळमजल्यावर एक खिडकी असावी, ही माझी पहिली विनंती. तिथे पगारी माणूस बसलेला असावा. प्रत्येक संघटनेचं दप्तर म्हणजे स्पर्धांचे निकाल, संघांच्या याद्या, निवड चाचण्यांच्या तारखा आणि निकष भवनात जमा व्हावेत आणि सचिव बदलले तरी तिथेच राहावेत. प्रमाणपत्रावर क्रमांक असावा आणि तो क्रमांक टाकून गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला घरबसल्या खात्री करता यावी. निवड चाचणीचा निकाल त्याच दिवशी फलकावर लागावा, सेकंद-मीटरसकट. चाचणीत पहिली आलेली मुलगी संघाच्या यादीत नाही, आणि ते का हे विचारायला जागाच नाही, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. जागा सरकारची आहे. तेव्हा जी संघटना दप्तर जमा करणार नाही तिला खोली देऊ नये, एवढी अट घालण्याचा अधिकार आपणांस नक्कीच आहे.

खोली कुणाला द्यायची, हा प्रश्न आपण टाळू नये. कुस्तीत एकाच राज्यात दोन संघटना झाल्या, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला एक आणि धाराशिवला एक, अशा महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं, एक अहिल्यानगरला आणि दुसरी कर्जतला. मल्लाने घाम गाळून गदा जिंकायची आणि घरी आल्यावर ती कोणत्या संघटनेची हे गावाला समजावून सांगायचं, ही वेळ पुन्हा कुणावर येऊ नये. कुस्ती हे सगळ्यांना दिसलेलं उदाहरण. लहान खेळांमधले असे वाद वर्तमानपत्रापर्यंत पोचतही नाहीत. दारावरची पाटी लागण्याआधीच हे तंटे मिटवण्याची मुदत संघटनांना द्यावी.

आता दुसऱ्या विनंतीकडे येतो.

१९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी हे संकुल बांधलं तेव्हा बालेवाडी पुण्याच्या बाहेरचं गाव होतं. भोवती शेती होती. १९९७ मध्ये बालेवाडी महापालिकेत आली, २०२१ मध्ये म्हाळुंगेही आलं. हिंजवडीच्या कंपन्या, महामार्ग, बाणेरकडून सरकत आलेले टॉवर यांनी संकुलाला चारी बाजूंनी वेढलंय. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या मार्गावर तर ‘बालेवाडी स्टेडियम’ नावाचं स्थानकच आहे. शहर वाढलं याचं मला दुःख नाही. पण जे गाव खेळाडूंना मोकळं होतं, तिथे आता खेळाडूला रात्रभर टेकायला परवडेल अशी जागा उरलेली नाही.

संकुलात वसतिगृह आहे. पण मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत ते पुरत नाही, आणि लांबच्या मुलांची सोय मग कुठल्या तरी कार्यालयात किंवा शाळेच्या वर्गात होते. दहिवडीहून फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरून आम्ही स्वारगेटला पोचतो तेव्हा दिवस मावळलेला असतो. एके वर्षी आमची सोय संकुलापासून बरीच लांब एका सभागृहात होती. बस बदलत, रस्ता विचारत पोचायला साडेदहा झाले. पाच मुली, दोन सतरंज्या, एक नळ. माझ्यासोबत आलेल्या बाई रात्रभर दाराशी बसून राहिल्या, कारण दाराला आतून कडी नव्हती. सकाळी तीन हजार मीटरची हीट होती. आमची सगळ्यात चांगली पळणारी मुलगी शेवटच्या दोन फेऱ्यांत मागे पडली. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, “सर, झोप लागली असती तर शर्यत काढली असती मी.”

याच माणमधल्या मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळता खेळता पळायला लागली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, राधानगरीतल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, आटपाडी तालुक्यातला पॅरा गोळाफेकपटू सचिन खिलारी, ही सगळी आमच्यासारख्याच तालुक्यांतली पोरं. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलने पदक जिंकलं, कुस्तीगीर खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्यानंतर त्याच्या घरच्यांनी जी मागणी जाहीरपणे केली तिच्यात एक गोष्ट अशी होती की सरावाला जाणं-येणं सोपं व्हावं म्हणून बालेवाडीजवळ घर मिळावं. त्यावर लोकांनी बरंवाईट बरंच बोलून घेतलं. मला मात्र एकच वाटलं. ऑलिंपिक पदकवीराला बालेवाडीजवळ राहणं अवघड वाटत असेल, तर चौदा वर्षांच्या धावपटूने काय करायचं?

भवनात सभागृह असेल, बैठकीचे कक्ष असतील, संग्रहालयही व्हावं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारे मुरलीकांत पेटकर यांच्यासमोर आमच्या मुलांनी उभं राहायलाच हवं. पण त्याच इमारतीत किमान दोनशे खाटांची निवासव्यवस्था असावी. मुलींचा मजला वेगळा, तिथे रात्री महिला कर्मचारी, गरम पाणी, आणि पहाटे पाचला चहा-केळी मिळेल असं स्वयंपाकघर. शाळेच्या क्रीडा निधीतून भरता येईल इतकंच भाडं. पेटकरांची तसबीर जिथे लागणार तिथे चाकाच्या खुर्चीवरचा खेळाडू कुणाच्या मदतीशिवाय प्रत्येक मजल्यावर पोचला पाहिजे, हे नकाशातच ठरवावं. इमारत झाल्यावर लावलेला उतार कसा असतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

पैसे नाहीत असं उत्तर येऊ नये. २०२३ ला गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदकं जिंकून पहिलं स्थान मिळवलं, २०२५ ला उत्तराखंडात १९८ पदकं आणली. ज्या मुलांनी ती आणली त्यांच्यातल्या कित्येकांनी कधी ना कधी कार्यालयातल्या सतरंजीवर रात्र काढली असेल. खाशाबांना १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. तेव्हा ते एका शिक्षकाने केलं. आज राज्य श्रीमंत आहे.

एक जुनी गोष्ट आठवण म्हणून लिहितो. २०२१ च्या जूनमध्ये याच संकुलात बड्या नेत्यांच्या आणि मंत्र्यांच्या दौऱ्यात गाड्या थेट सिंथेटिक धावपट्टीवर आल्या होत्या. नंतर दिलगिरी व्यक्त झाली, विषय मिटला. त्या धावपट्टीवर पाऊल ठेवण्याआधी माझ्या मुली बूट झटकतात. कुणी शिकवलेलं नाही. भवन झाल्यावर तिथे येणारे पाहुणे वाढतील, समारंभ वाढतील, गाड्या वाढतील. गाड्यांची जागा मैदानापासून वेगळी आखावी आणि स्पर्धेच्या दिवशी भवनात दुसरा कार्यक्रम ठेवू नये.

आतल्या आखणीचं काम अजून हातात असेल तोवर एक बैठक घ्यावी, आणि ती बालेवाडीतच घ्यावी. तालुक्यांतले क्रीडाशिक्षक, मुलींसोबत येणाऱ्या बाई, दोन-चार आजी-माजी खेळाडू, एवढ्यांना बोलवावं. १५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. तो दिवस या बैठकीला चांगला आहे. मी स्वखर्चाने येईन. तीन हजार मीटरवाली आमची ती मुलगी आता कॉलेजात आहे, अजून पळते. तिलाही घेऊन येईन. खाटा किती आणि कडी कुठे हवी, हे तिला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक
ता. माण, जि. सातारा