भंगार नाही, माल आहे तो

मा. संपादक, स.न.वि.वि.

सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात आणणं, म्हटलं की लोकांना वाटतं मोठ्या कंपन्यांचं काम, पण खरी गरज छोट्या धंदेवाल्याला आहे कारण उरलेला कपडा, लाकडाचे तुकडे, जुने सुटे भाग हे सगळं त्याने पैसे देऊन घेतलेलं असतं आणि ते कचऱ्यात जातं. का? तर कुठे काय पडलंय याची नोंदच नसते! साधी एक्सेल शीट किंवा मोबाईलवरचं स्टॉक ॲप ठेवलं तरी कळतं की कुठल्या कामात किती माल वाया जातोय, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला लागत असेल तर ऑनलाइन गाठ पडते.

युरोपियन युनियनमध्ये तर 18 फेब्रुवारी 2027 पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार, क्यूआर कोड स्कॅन केला की आत काय धातू आहेत ते दिसणार. रिपेअर करणाऱ्याला, रिसायकलवाल्याला केवढी सोय! (नाहीतर उघडून बघेपर्यंत अंदाजच.)

फक्त एक, मालाची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर बनवणारे मोठ्या कंपन्या डोळ्यासमोर ठेवून बनवतात, दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये पन्नास रकाने भरणार कोण? आधी तीनच ठेवा: काय आलं, काय गेलं, काय उरलं.

– एक वाचक