कुंडल लख्ख, डोळे पुसट: कोल्हापूरच्या काकांना पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी लिहीत नाही, दुकान कुठल्या गल्लीत आहे तेही सांगत नाही. "गिऱ्हाईक वाढलं तर काम कोण करणार, ताई?" असं तुम्हीच म्हणाला होतात. कोल्हापुरातले जाणकार ओळखतील ते ओळखतील. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण माझी शोभाही चारचौघांतच झाली होती.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी कुडाळकडची. त्रिपुरारी पौर्णिमेच्या आगेमागे आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्र रात्र दशावतार रंगतो. लिहिलेली संहिता नाही, सिंहासन म्हणून एक लाकडी बाकडं, तोंड प्रत्येकाने आपलं आपण रंगवलेलं. त्या चेहऱ्यांचे फोटो मी हौसेने काढते. गेल्या जत्रांपासून मात्र एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून राजाच्या डोळ्यावर फोकस धरायचा, 'टिक' आवाज यायचा, हिरवा ठिपकाही लागायचा, आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघावं तर डोळे पुसट. कानातलं कुंडल मात्र असं लख्ख की त्यावरचा एकेक मणी मोजून घ्या.

कॅमेरा घेऊन मी जिथे जिथे गेले तिथे एकच वाक्य ऐकलं: "मॅडम, हात हलतोय."

अधिकृत म्हणवणाऱ्या सेवा केंद्रातल्या साहेबांनी कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स चढवली, दारात जाऊन भर उन्हात समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, पाटी वाचता येतेय की! कॅमेऱ्याला काही झालेलं नाही, जरा शिकून घ्या." वर तपासणीचे पैसे घेतले. दुसऱ्या एकाने लेन्सवर लावायची काच विकली. तिसरा म्हणाला, मोबाइलवर काढा की, हल्ली मोबाइलचे छान येतात. एका शहाण्याने तर मागच्या स्क्रीनवर बघून काढायचा सल्ला दिला. स्क्रीनवर फोटो नीट येतात हे मीच त्याला सांगितलं होतं, ते असं उलटून आलं. अपुऱ्या उजेडात स्क्रीनवर फोकस लागायला माझा कॅमेरा इतका वेळ घेतो की तोवर राक्षसाचा वध होऊन जातो.

उन्हात अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफ 8 इतकं बारीक मिटलेलं असलं की फोकस थोडा मागे गेलेला असला तरी झाकून जातो, हे दिवसभर कॅमेरे हाताळणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल? रात्री मी 50 मिमीची लेन्स 1.8 वर उघडून दीड मीटरवरून काढते, तेव्हा जेमतेम सहा-सात सेंटीमीटर जाडीची पट्टी स्पष्ट येते. ती पट्टी डोळ्यांवर पडायच्या ऐवजी कानांवर पडत होती, एवढंच माझं म्हणणं. ते पुरतं ऐकून घ्यायलाही कुणाला सवड नव्हती.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं आणि मी एसटीने घाट चढून आले. खरं सांगू? येताना काही आशा नव्हती. तुमच्या टेबलावर रोलच्या जमान्यातले कॅमेरे उघडे पडलेले बघून तर वाटलं, इथेही वेळ जाणार. तुम्ही कॅमेरा हातात घेतला नाहीत. आधी म्हणालात, "फोटो दावा बघू." बराच वेळ बघत बसलात, मोठे करून करून. आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच बोललात, "हात हलला असता तर कान कसा काय आला असता हो? हात चांगलाय तुमचा."

काका, मला तिथेच रडू येणार होतं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते त्यापुढचं आहे. तुम्ही लेन्स काढलीत, टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला वळवलात, डोळ्याला लावायचं तुमचं ते भिंग शर्टाच्या टोकाने पुसलंत आणि स्वतःच्या डोळ्याला न लावता माझ्या हातात दिलंत. "आधी तुम्ही बघा." कॅमेऱ्याच्या आतल्या मोठ्या आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो, तो उजेड खाली तळाशी फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो, हे मला त्या दिवशी दिसलं. तो छोटा आरसा ज्या खुंटीवर टेकतो ती केसभर सरकली की खालच्या सेन्सरला वाटतं फोकस बसला, आणि फोटो मात्र दुसरीकडेच बसलेला असतो. स्क्रीनवर बघून काढताना हे आरसे वर उचललेले असतात, मधे येतच नाहीत, म्हणून तिथे फोटो चांगले. महागड्या कॅमेऱ्यांत हा फरक मेन्यूतून थोडाफार सावरता येतो, माझ्या साध्या कॅमेऱ्यात ती सोयच दिलेली नाही. हे सगळं तुम्ही सांगत होतात आणि मला समजतंय ना म्हणून मधे मधे थांबत होतात. एवढ्या दारांत काचेपलीकडे उभी राहिल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला आपल्या बाजूला बसवून घेतलं.

पुढे तुम्ही काय काय केलंत ते मला सांगता यायचं नाही. शेवटी वर्तमानपत्रावर फूटपट्टी तिरपी ठेवून फोटो काढलात, दहाच्या आकड्यावर फोकस धरला होता आणि दहाच स्पष्ट आला. मग पुन्हा कॅमेरा माझ्याकडे: "आता तुमच्या हातानं."

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला तो याच कोल्हापुरात, याचा शहराला अभिमान आहे आणि असावाच. पण मला तुमच्यासारख्यांचंही अप्रूप वाटतं. आमच्या बाजारातला एक मिक्सर दुरुस्त करणारा जुना, जळका भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो, "हा बघा, हा गेला होता." आमच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाकडे धरून म्हाताऱ्यांना त्यांचंच हाड दाखवतात. समोरच्याला समजेल असं धरून चालणारी ही माणसं. ज्याला वाटतं की आपलं ज्ञान काउंटरच्या आतच राहिलं पाहिजे, त्याच्याकडे ते फारसं असतं का, ही शंका मला आता येते.

यंदाच्या जत्रेला या, काका. काकूंनाही आणा. नाटक उशिरा सुरू होतं, सकाळपर्यंत चालतं, थंडी असते, तेव्हा शाल घेऊन या. जेवायला आमच्याकडे. रंगपटात तोंडं रंगवणं चालू असताना तुम्हाला आत नेईन, नटमंडळींना मी आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
कुडाळची ताई

ता. क. झूम लेन्सचंही तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोष कॅमेऱ्यात होता, त्यामुळे तीही आता सरळ झाली. ती काच विकणाऱ्याने मला नवी झूम लेन्स घ्यायला सांगितलं होतं.