विषय: बी विंगच्या डक्टमधल्या नेटच्या वायरींबाबत

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी बी 602 मधून लिहितोय. मागच्या गुरुवारी संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत आमचं नेट बंद होतं आणि फॉल्ट शेवटी आपल्याच डक्टमधे निघाला, म्हणून लेखी देतोय, ग्रुपवर टाकलं की पाच मिनिटात वर निघून जातं.

गुरुवारी सातच्या सुमाराला मिसेस मीटिंगमधे होती आणि नेट गेलं. मोबाईलवर वायफायच्या कांड्या फुल पण काहीच उघडेना. कांड्या फक्त मोबाईल ते राउटर एवढंच सांगतात, पुढची लाईन मेली तरी त्या फुलच दिसतात. राउटरवर बघितलं तर पॉवरचा हिरवा लाईट चालू आणि एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लुकलुकत होता. तो लाल दिसला म्हणजे फायबरमधून (नेटच्या काचेच्या वायरीतून) पुरेसा सिग्नलच येत नाहीये, मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडत नाही. तरी हेल्पलाईनवर तीनदा रिस्टार्ट करायला लावलं, मग कुठे तक्रार नंबर मिळाला.

402 मधल्या आजोबांचंही त्याच वेळी गेलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी पिन घालून रिसेटचं बटण दाबून धरलं आणि आतली सगळी सेटिंग पुसली गेली, त्यामुळे लाईन आल्यावरही त्यांचं नेट सुरू व्हायला अजून एक दिवस लागला. नोटीस बोर्डावर एवढं तरी लावूया की लाल लाईट असेल तर रिसेट दाबू नका, नंबर घ्या आणि माणूस बोलवा.

माणूस शुक्रवारीच आला होता. पण डक्टला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि ते गावाला गेलेले. तो परत गेला आणि पुढची वेळ थेट रविवारची मिळाली. मिसेसला शुक्रवारी सुट्टी टाकावी लागली. मुलीने ऍडमिशनचा फॉर्म मोबाईलच्या नेटवर जिन्यात बसून भरला कारण आमच्या घरात रेंज येत नाही, शेवटची तारीख होती, मला ते बघवत नव्हतं.

रविवारी किल्ली मिळाल्यावर त्याने आधी गच्चीवरच्या स्प्लिटरच्या डब्यात (जिथून एक लाईन सगळ्या घरांना वाटली जाते) सिग्नल मोजायचा मीटर लावला, तिथे उणे 19 डीबीएम, एकदम ओके. आमच्या घरात उणे 33. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आकडा उणे 27 च्या पलीकडे गेला, म्हणजे सिग्नल त्याहून कमी झाला, की राउटर लाईन पकडत नाही. मग त्याने लाल लाईटचं पेन फायबरला लावलं आणि आम्ही एकेक मजला बघत खाली आलो. सातव्या मजल्यावर डक्टचं दार उघडलं तर बिजागरीपाशी पांढऱ्या वायरमधून लाल उजेड बाहेर येत होता. दोन वायरी दारात चेपल्या होत्या, एक आमची, एक आजोबांची. आत केसाएवढी काच असते, ती दुमडली की संपलं. त्याने तेवढा भाग कापून मशीनवर जोड दिला, घरी उणे 21 आलं आणि नेट सुरू. अर्ध्या तासाचं काम होतं, बाकी सगळा वेळ किल्लीत गेला.

गुरुवारी दुपारी सातव्यावर कोणाचंतरी नवीन कनेक्शन झालं असं कळलं, पण वॉचमनच्या रजिस्टरमधे एन्ट्रीच नाही. मला कोणावर आरोप करायचा नाही. पण मी स्वतः बघितलं, त्या डक्टमधे चाळीसेक वायरी आहेत आणि कितीतरी जुन्या, तुटलेल्या, कुठेच न जाणाऱ्या. कुठली कोणाची ते कोणालाच सांगता येत नाही.

माझी विनंती एवढीच की डक्टची एक किल्ली कायम वॉचमनच्या केबिनमधे ठेवा, नेटवाला कोणीही आला तर फ्लॅट नंबर आणि त्याचा मोबाईल नंबर लिहूनच किल्ली द्यायची आणि काम झाल्यावर वॉचमनने वर जाऊन दार नीट लागतंय का बघायचं. प्रत्येक वायरीला दर मजल्यावर फ्लॅट नंबरची पट्टी लावून घ्या, बंद कनेक्शनच्या वायरी काढून टाका आणि चालू वायरी दारापासून लांब पीव्हीसी पट्टीत घाला. आणि मुलांना सांगा, तुटलेल्या फायबरचं टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही, त्यातला लाईट दिसत नाही पण डोळ्याला वाईट.

पट्ट्या आणि मार्कर मी आणतो. येत्या रविवारी सकाळी दहाला सातव्या मजल्यापासून सुरू करूया, प्रत्येक मजल्यावरचं एक जण आलं तरी दुपारपर्यंत होईल. फक्त तोपर्यंत किल्ली केबिनमधे यायला हवी.

आपला,
बी 602 मधला सभासद