१९१८चा हंगाम: आधी तारखा, मग निकाल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

१९१८च्या अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर निबंध लिहितो आहेस आणि पिट्सबर्ग व मिशिगन दोघांनाही विजेते का म्हणतात, हे तू विचारलंस. त्या वर्षीचा तक्ता नेहमीसारखा वाचलास तर फसशील. प्रत्येक सामन्याची तारीख आधी मांड, निकाल नंतर बघ.

मिशिगन ५ ऑक्टोबरला केस नावाच्या कॉलेजशी ३३-० जिंकलं आणि पुढचा सामना, शिकागोशी, थेट ९ नोव्हेंबरला झाला. मधला महिना कुठे गेला, यातच सगळं उत्तर आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं; ३१ ऑगस्टच्या कायद्याने सक्तीच्या लष्करभरतीचं वय १८वर आलं. १ ऑक्टोबरपासून लष्कराने पाचशेहून जास्त कॉलेजांत विद्यार्थ्यांचं प्रशिक्षण दल उभं केलं: गणवेश, बराकी, कवायत, महिना ३० डॉलर. खेळाडू सैनिक झाले. कवायतीतून उरेल तेवढाच वेळ सरावाला, आणि मुक्कामी दौऱ्यांवर बंधनं. त्याच आठवड्यांत इन्फ्लुएन्झाची दुसरी, जास्त मारक लाट आली. बराकीत खाटेला खाट लागलेली, आणि हा ताप नेमका वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना नेत होता. ठिकठिकाणी जमावबंदी झाली. वेस्ट व्हर्जिनियाने तर अख्खा हंगाम सोडला. मुंबईत हा ताप जूनमध्येच शिरला होता आणि दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात होती. दोन्हीकडचे महिने जुळतात, हे निबंधात जरूर येऊ दे.

आता पिट, म्हणजे पिट्सबर्ग. प्रशिक्षक पॉप वॉर्नरच्या या संघाचा पहिला सामना ९ नोव्हेंबरला, शेवटचा ३० नोव्हेंबरला. बावीस दिवसांत पाच सामने. २३ तारखेला त्यांनी प्रशिक्षक हाइसमनच्या जॉर्जिया टेकला ३२-० हरवलं. २८ला पेन स्टेटला २८-६, आणि मध्ये एकच दिवस सोडून क्लीव्हलँडच्या नौदल राखीव दलाकडून ९-१० असे हरले. त्या सामन्यात वेळ मोजण्यावरून वाद झाला, पण दोन दिवसांत दुसरा सामना खेळलेल्या संघाचे पाय किती उरले असतील, याचाही विचार कर. मिशिगन पाचही जिंकलं: ९६ गुण केले, फक्त ६ दिले. हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. तेव्हा अधिकृत विजेतेपद नव्हतंच. दोघांची नावं निवडकर्त्यांनी नंतर लावली. माझ्या मते पिटचा संघ जास्त ताकदवान होता, पण हा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच लिहायचा.

मोठ्या आकड्यांना भुलू नकोस. जॉर्जिया टेकने फर्मनला ११८-०, एन. सी. स्टेटला १२८-० हरवलं. एन. सी. स्टेट तेव्हा महिनाभराच्या खंडानंतर मैदानात उतरलं होतं. असा निकाल विजेत्याच्या ताकदीपेक्षा समोरच्या संघाच्या पडझडीबद्दल जास्त सांगतो.

लष्करी छावण्यांचे संघ वगळू नकोस, कारण त्यांच्याकडे नावाजलेले माजी कॉलेज खेळाडू होते. ग्रेट लेक्स नौदल तळाच्या संघाने नॉत्र दाम विद्यापीठाला ७-७ असं रोखलं आणि १ जानेवारी १९१९च्या रोझ बाउल सामन्यात मेअर आयलंड तळाच्या मरीन सैनिकांना १७-० हरवलं. त्या सामन्यात एकही कॉलेज नव्हतं.

जॉर्जिया टेकच्या ग्रँट फील्ड मैदानावरच्या मास्क लावलेल्या प्रेक्षकांचा फोटो घेणार असशील तर खाली लिही की तो कापडी जाळीचा मास्क होता आणि रोगामागे विषाणू आहे हे तेव्हा कळलेलं नव्हतं. अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. कच्चा मसुदा झाला की पाठव, तारखा मी तपासून देईन.

तुझा,
बाबा