स्वादुपिंड काढून देणाऱ्या मटणवाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

गिऱ्हाईक कलेजी मागतं, वजडी मागतं. स्वादुपिंड कुणी मागत नाही. तरी रविवारच्या गर्दीतही हात थांबवून, जठरापुढच्या आतड्याला चिकटलेली ती फिकट गुलाबी, दाणेदार पट्टी तुम्ही चरबीतून अलगद सोडवता. एका बोकडात मूठभरही निघत नाही, म्हणून शेजारच्या दुकानांतूनही गोळा करून ठेवता. मनापासून आभार.

ज्या जर्मन शेफर्डना ती जाते, त्यांचं स्वतःचं स्वादुपिंड पाचकरस बनवत नाही. या जातीत बहुधा तरुण वयातच रस बनवणाऱ्या पेशी झडत जातात. ९० टक्क्यांहून जास्त गेल्या की मग दिसतं: खा-खा सुटलेली, तरी बरगड्या वर आलेल्या, आणि ढीगभर, पिवळट, तेलकट शी. जंताची औषधं देण्यात महिने जातात. निदान होतं ते उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या टीएलआय तपासणीत, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचकरस रक्तात किती आहे ते बघणाऱ्या चाचणीत. आकडा लिटरला २.५ मायक्रोग्रॅमच्या खाली आला की आजार पक्का.

तुमच्याकडच्या पट्टीत हेच रस तयार असतात. जनावर कापल्यावर ती तशीच पडून राहिली तर स्वतःच्याच रसांनी विरघळू लागते, म्हणून तुम्ही लगेच बर्फावर टाकता ते फार मोलाचं. पुढे बारीक चिरून, एकेका जेवणाच्या पुड्या करून उणे २० अंशांवर ठेवल्या की काही महिने ताकद टिकते. शिजवलं की संपलं. वाफाळत्या भातात कालवलं तरी तेच. २० किलोच्या कुत्र्याला एका जेवणात साधारण १०० ग्रॅमपासून सुरुवात, मग शी बघून डॉक्टर कमी-जास्त करतात. तरीही वजन भरेना तर बी-१२ तपासायचं. या आजारात ते बरेचदा खालावतं आणि ते भरून काढल्याशिवाय अंग धरत नाही.

आणखी एक. कलेजी-फुप्फुसावर पाण्याचे फोड दिसले तर त्या बोकडाचं स्वादुपिंडही तुम्ही देत नाही. त्या फोडांत फीतकृमीची पिल्लं असतात. फोड कच्चा पोटात गेला तर ती कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, आणि शीतून पडलेली अंडी घरातल्या माणसांपर्यंत पोचतात. गिऱ्हाईक दारात उभं असताना ‘आज नाही’ म्हणणं सोपं नसतं. त्या दिवशी पाचकरसाची औषधी पावडर चालते, कुत्र्याच्या दर १० किलो वजनाला एका जेवणात एक छोटा चमचा, ओलसर जेवणात नीट कालवून.

तुमची,
जर्मन शेफर्ड सांभाळणारी मंडळी