नक्षी अडकित्त्यातही सापडते

संपादक महाशय,

हाताने वस्तू घडवणारे छोटे व्यावसायिक नव्या कल्पनेसाठी मोबाइल चाळत बसतात आणि मग सगळ्यांच्या पिशव्यांवर तीच फुलं उमटतात. त्यापेक्षा पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघा. फोटो नको, पेन्सिलीने १० मिनिटांत नुसती बाह्यरेषा काढा, वळण हातात बसतं. कापडावर छापायच्या ठशासाठी ती नक्षी २ रंगांवर आणा. दोन रेघांमधली फट फार बारीक ठेवली, तर रंग साचून नक्षी बुजते. सुती कापड आधी धुऊन खळ, म्हणजे कापड कडक करणारा लेप, काढाच. नाहीतर रंग खळीवरच बसतो आणि धुण्यात निघून जातो. पहिल्या खेपेला ४ नगच करा. मंडईतल्या टोपल्यांची वीणही अशीच टिपण्याजोगी आहे.

– एक हस्तव्यावसायिक, पुणे